गाडीची धुलाई आणि चाकांवरचा चिवट मळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळा सरला आणि सणांचे दिवस आले की या सदराकडे गाडी धुण्याविषयीची पत्रे एकदम वाढतात. चार महिने चिखलपाण्यातून फिरलेली गाडी लखलखीत व्हावी अशी घरातल्या सगळ्यांचीच इच्छा असते, आणि त्या घाईत नेमके नको ते हातून घडते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण तोच प्रश्न थोड्याफार फरकाने इतर अनेकांनी विचारला आहे.

प्रश्न : माझी गाडी तीन वर्षांची असून तिला अलॉय चाके आहेत. दर रविवारी मी ती स्वतः धुतो. बाकी गाडी स्वच्छ निघते. परंतु पुढच्या दोन्ही चाकांवर काळपट तपकिरी थर राहतो आणि त्यात नारिंगी रंगाचे बारीक ठिपके दिसतात. मागची चाके मात्र बरीच स्वच्छ असतात. भांड्यांचा साबण आणि तारेची घासणी वापरून पाहिली, तरी ठिपके गेले नाहीत. शौचालय धुण्याचे ॲसिड पाण्यात मिसळून लावा, असे शेजारी सांगतात. लावावे का? (एक वाचक, हडपसर, पुणे)

उत्तर : कृपया लावू नये, आणि तारेची घासणीही आजपासून चाकांपासून दूर ठेवावी. आपण जे पाहत आहात ती रस्त्यावरची माती नाही. माती असती तर ती साबणाने निघाली असती. हा ब्रेकचा चुरा आहे. ब्रेक दाबला की ब्रेक पॅड फिरत्या बिडाच्या डिस्कवर आवळले जातात आणि त्या घर्षणात पॅड झिजतात, तशीच थोडीथोडी डिस्कही झिजते. या चुऱ्यात पॅडमधला कोळशासारखा काळा अंश आणि राळ असते, त्याचप्रमाणे लोखंडाचे अतिशय बारीक कणही असतात. लांब घाट उतरताना डिस्कचे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते, आणि तिथून उडणारे हे तापलेले कण थेट चाकाच्या आतल्या बाजूवर आणि आऱ्यांवर जाऊन चिकटतात. पुढे दव, पाऊस किंवा आपले धुण्याचे पाणी त्यांना लागले की ते गंजतात आणि गंजताना लॅकरच्या पारदर्शक थरात मूळ धरतात. आपल्याला दिसणारे नारिंगी ठिपके म्हणजे हे गंजलेले लोखंड होय. अलॉय चाक ॲल्युमिनिअमचे असते आणि ॲल्युमिनिअम असे तांबडे गंजत नाही, त्यामुळे चाकच गंजू लागले की काय, ही भीती मनातून काढून टाकावी.

पुढच्याच चाकांवर हे का, याचे कारणही सरळ आहे. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढचे ब्रेक करतात. शिवाय आपल्याकडच्या बहुसंख्य लहान गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रम बंद डब्यासारखा असल्याने त्यातला चुरा बराचसा आतच राहतो. ज्यांच्या गाडीला मागेही डिस्क आहेत त्यांची मागची चाकेही काळी पडतात, फक्त थोडी कमी.

आता ॲसिडविषयी. शौचालय धुण्याच्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते गंज खाते हे खरे आहे, परंतु तेवढ्यावर थांबत नाही. चाकाच्या लॅकरला खडीच्या माराने पडलेली एखादी बारीक चीर सापडली, की त्यातून ते ॲल्युमिनिअमपर्यंत पोहोचते आणि धातूला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. चाकाचे नट, ब्रेक कॅलिपर (पॅड डिस्कवर आवळणारा भाग) आणि बॅलन्सिंगची, म्हणजे चाकाचा तोल साधण्यासाठी लावलेली, वजनेही त्याच्या वाटेत येतात. ॲसिड नको म्हणून काही जण मोरी मोकळी करण्याचा कॉस्टिक सोडा वापरतात. तो तर ॲल्युमिनिअमला अक्षरशः विरघळवतो, हे शाळेच्या रसायनशास्त्रात आपण शिकलेलो असतो आणि नेमक्या वेळी विसरतो. काही स्वस्त ‘व्हील क्लीनर’मध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात. ते त्वचेतून आत शिरून जिवावर बेतू शकते, म्हणून बाटलीवर घटक छापलेले नसतील तर ती बाटली घरात आणू नये.

हे मी पुस्तकातून वाचून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी महामार्गालगतच्या एका धुलाई केंद्रावर मी माझी गाडी धुण्यास दिली होती. तिथल्या मुलाने पाण्याच्या जुन्या बाटलीतून काहीतरी चाकांवर ओतले. पांढरा फेस उसळला, नाकात झणका गेला आणि दोन मिनिटांत चाके अशी चमकली की मी त्याला वर दहा रुपये दिले. तीन आठवड्यांनी नटांच्या भोकांभोवती पांढरट पावडर दिसू लागली. वर्षभराने लॅकर कांद्याच्या पापुद्र्यासारखे नखाने निघत होते. त्या मुलाच्या हातात मोजे नव्हते, याची आठवण आजही मला चाकांच्या नुकसानीपेक्षा जास्त बोचते.

मग करावे काय? प्रथम चाके थंड होऊ द्यावीत. गाडी बाहेरून आल्याबरोबर चाकांवर पाणी मारल्यास तापलेल्या डिस्कला झटका बसतो आणि ती वाकण्याचा धोका असतो. शिवाय गरम चाकावर कोणतेही औषध लगेच वाळते व डाग सोडते. सकाळी, सावलीत, हाताला चाक गार लागत असताना काम सुरू करावे. गाडीच्या अंगाआधी चाके धुवावीत, म्हणजे चाकांवरून उडालेले काळे शिंतोडे धुतलेल्या रंगावर बसणार नाहीत. चाकांची बादली आणि फडके कायमचे वेगळे ठेवावे, आणि ओळखू येण्यासाठी त्या बादलीच्या कडीला सरळ एक लाल दोरा बांधून टाकावा. आधी नुसत्या पाण्याने सुटी माती वाहून जाऊ द्यावी, मग कार शाम्पू घातलेल्या पाण्याने, मऊ केसांच्या ब्रशने आऱ्यांच्या आतल्या बाजू, नटांची भोके आणि रिमचा आतला घेर धुवावा. आतल्या घेरासाठी बाटल्या धुण्याचा लांब दांड्याचा ब्रश चालतो, मात्र त्याच्या टोकाची तार उघडी असेल तर तिच्यावर कापड गुंडाळावे.

इतके केल्यावर जे उरेल त्याच्यासाठी ‘आयर्न रिमूव्हर’ या नावाने मिळणारा द्रव वापरावा. त्यात थायोग्लायकोलेट हा घटक असतो. तो लोखंडाला धरतो आणि पाण्यात विरघळणाऱ्या रूपात बाहेर काढतो. चाकावर फवारल्यानंतर मिनिटाभरात ठिपक्यांच्या जागी जांभळट लाल ओघळ वाहू लागतात. नवख्या माणसाला चाकातून रक्त येत असल्यासारखे वाटते, पण तेच औषध काम करीत असल्याची खूण आहे. त्याला गंधकाचा उग्र वास येतो. केस कुरळे करण्याच्या लोशनलाही तसाच वास असतो, कारण घटक त्याच कुळातला आहे. म्हणून मोकळ्या हवेत, रबरी मोजे घालून काम करावे, तीन ते पाच मिनिटे थांबावे, औषध वाळू लागण्यापूर्वी ब्रश फिरवावा आणि भरपूर पाण्याने चाक धुऊन काढावे. तीन वर्षांचा थर एका वेळी जाणार नाही. दुसऱ्या रविवारी पुन्हा करावे, परंतु एकाच दिवशी जोर लावून घासू नये.

यानंतरही काळे, उंचवट्यासारखे, बोटाला चिकट लागणारे ठिपके राहिले तर ते डांबराचे समजावेत. डांबरावर पाण्याचा, शाम्पूचा किंवा आयर्न रिमूव्हरचा काही परिणाम होत नाही. ते तेलात विरघळते. फडक्याच्या टोकाला थोडे टर्पेंटाइन किंवा रॉकेल लावून ते फडके ठिपक्यावर अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग अलगद पुसावे. ते द्रव्य चाकावर ओतू मात्र नये. टायरच्या रबराला ते फुगवते, आणि ब्रेक पॅडवर त्याचा थेंब गेला तर ब्रेकची पकड जाते व पॅड बदलण्यावाचून उपाय राहत नाही. डांबर निघाल्यावर तेलकटपणा जाण्यासाठी ती जागा पुन्हा शाम्पूने धुवावी.

चाके अशी एकदा मनासारखी निघाली की कोरडी करून त्यांवर साध्या कार वॅक्सचा पातळ थर द्यावा. नवा चुरा त्या थरावर बसतो आणि पुढचे दीड-दोन महिने नुसत्या शाम्पूने निघतो. शेवटी, धुण्याशी थेट संबंध नसलेली एक गोष्ट सांगतो. कात्रज किंवा खंबाटकी उतरताना ब्रेकवर पाय ठेवून उतरण्यापेक्षा घाट ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावा. ब्रेक कमी तापतात, पॅड जास्त चालतात आणि चाकांवरचा चुरा निम्म्यावर आलेला आपल्यालाच दिसेल.

प्रश्न : तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठाने लख्ख होतात, मग अलॉय चाके का होऊ नयेत? आमच्याकडे हा प्रयोग करून झाला आहे, पण दोन चाकांवर पांढुरकी झाक आली. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तांब्यावरचा काळा थर हा तांब्याचेच ऑक्साइड असतो आणि चिंचेतले आम्ल तो विरघळवते, म्हणून भांडे उजळते. अलॉयवर आपल्याला धातू उघडा करायचाच नसतो. धातूवरच्या लॅकरचे रक्षण करायचे असते. मीठ आणि आम्ल एकत्र आले की ॲल्युमिनिअमला ते विशेष बाधते, आणि लॅकर जिथे फाटलेले असेल तिथून पांढरी झाक सुरू होते. चाके आजच भरपूर पाण्याने, आऱ्यांच्या खाचाखोचांसह धुऊन घ्यावीत. आपल्या चाकांचा दर्शनी भाग यंत्रावर कातलेला, आरशासारखा चकचकीत असेल तर अधिक जपावे. अशा चाकांवर लॅकरखाली पाणी शिरले की पांढऱ्या अळीसारख्या नागमोडी रेषा सरकत जातात आणि त्या कोणत्याही औषधाने धुऊन निघत नाहीत. चाक पुन्हा कातून घेऊन लॅकर द्यावे लागते. राख, रांगोळी आणि विटकरीचा भुगा यांनाही हेच लागू आहे. ती भांड्यांसाठी राहू द्यावीत.

प्रश्न : गणपतीला राजापूरजवळच्या गावी जाऊन आलो. परत आल्यावर गाडी बाहेरून धुतली, पण महामार्गावर वेग ८० च्या आसपास गेला की स्टिअरिंग थरथरते. जाण्यापूर्वीच व्हील बॅलन्सिंग केले होते. चाक बिघडले असेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : गॅरेजमध्ये पैसे घालण्यापूर्वी चाकांच्या आतल्या बाजूला हात घालून पाहावे. कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीचा चिखल पावसात रिमच्या आतल्या पन्हळीत भरतो, आणि गाडी दोन दिवस अंगणात उभी राहिली की तो सगळा खाली उतरून एकाच जागी विटेसारखा वाळतो. बाहेरून चाक कितीही धुतले तरी तो दिसत नाही.

एवढ्याशा मातीने स्टिअरिंग हलेल का, अशी शंका येईल, म्हणून हिशेब करून दाखवतो. चौदा इंची रिमच्या मध्यापासून कडा सुमारे १८ सेंटिमीटरवर असते. ताशी ८० किलोमीटर वेगाला लहान गाडीचे चाक मिनिटाला जवळजवळ ७०० फेरे घेते. त्या कडेला फक्त ५० ग्रॅम चिखल, म्हणजे मुठीत सहज मावेल इतका, चिकटलेला असेल तर तो दर फेऱ्याला सुमारे ५ किलो वजनाइतक्या जोराने चाकाला बाहेर ओढतो. बॅलन्सिंग करताना कारागीर ५-१० ग्रॅमची वजने लावून तोल साधत असतो, त्यावरून या ५० ग्रॅमची किंमत कळेल.

उपाय सोपा आहे. माती भिजण्यासाठी आतल्या बाजूने पाणी मारून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, लाकडी पट्टीने किंवा जुन्या प्लॅस्टिकच्या पट्टीने गठ्ठे सोडवावेत, गाडी अर्धा फेरा पुढे घेऊन चाकाचा खाली राहिलेला भागही तसाच मोकळा करावा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नये. लॅकर तर जातेच, शिवाय आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजने निसटतात. चारही चाके अशी झाल्यावर पुन्हा महामार्गावर नेऊन पाहावी. तरीही थरथर राहिली तर मात्र बॅलन्सिंग तपासून घ्यावे.

याच निमित्ताने सांगतो की कोकणातून आलेल्या गाडीचे पोट, म्हणजे खालची बाजू आणि चाकांवरच्या कमानी, गोड्या पाण्याने अवश्य धुवाव्यात. किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी घातली असेल तर घरी येण्याची वाटही पाहू नये. पहिल्या मुक्कामावर पाइप मिळाला तर तिथेच धुवावी, कारण कमानीच्या कडेला अडकलेली खारट वाळू ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एक गृहस्थ रोज पहाटे पंधरा-वीस गाड्या पुसतात. माझी गाडी काळी आहे. उन्हात पाहिले की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा दिसतात. पॉलिश केले की त्या जातात आणि सहा महिन्यांत परत येतात. (एक वाचक, मुलुंड, मुंबई)

उत्तर : त्या रेषा म्हणजे धुळीने पडलेले ओरखडे आहेत, आणि ते रोजच्या पुसण्यातूनच येत आहेत. गाडीच्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते आणि तिच्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपल्या गाडीची चमक केसाहून पातळ अशा थरावर अवलंबून आहे. मुंबईत बांधकामे सतत चालू असल्याने रात्रीत बसणाऱ्या धुळीत वाळूचा आणि सिमेंटचा अंश असतोच. ती धूळ पाण्याने वाहून जाऊ न देता ओल्या फडक्याने गोल फिरवली की फडके पॉलिशपेपरचे काम करते. त्यात एकच बादली आणि एकच फडके वीस गाड्यांना पुरवायचे म्हटल्यावर दहाव्या गाडीपर्यंत बादलीतले पाणी कसे असेल, हे एकदा पहाटे खाली उतरून पाहावे. पॉलिश हा तर उपाय नव्हेच, कारण पॉलिश प्रत्येक वेळी त्याच पातळ थराचा थोडा भाग कमी करते.

यात त्या गृहस्थांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. त्यांना एका गाडीमागे महिन्याला मिळणारी रक्कम आणि हातात असलेली पाच-सात मिनिटे पाहिली, तर ते दुसरे काय करू शकतील? आपणच त्यांच्याशी बसून बोलावे. रोज पुसू नका, फक्त काचा आणि आरसे पुसा, आणि आठवड्यातून दोनदा नीट धुवा, पैसे तेवढेच देतो, असे सांगितले तर त्यांचे कष्टही वाचतात आणि गाडीही वाचते. आपल्या गाडीसाठी दोन-तीन मायक्रोफायबर फडकी आणि एक बादली आपण द्यावी. धुताना एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसऱ्या बादलीत नुसते पाणी ठेवावे. फडके गाडीवरून आले की आधी नुसत्या पाण्यात खळबळावे, पिळावे, आणि मगच शाम्पूच्या पाण्यात बुडवावे. टपापासून सुरुवात करून खाली यावे, दाराचा खालचा पट्टा सर्वांत शेवटी घ्यावा, आणि हात गोल न फिरवता सरळ रेषेत न्यावा. फडके जमिनीवर पडले तर त्या दिवशी ते पुन्हा गाडीला लावू नये, एवढी एक शिस्त पाळली तरी अर्धे ओरखडे टळतात.

पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चिकटा यांना मात्र आठवड्याची वाट पाहायला लावू नये. विष्ठेतले आम्ल उन्हात रंगावर कायमचा वण पाडते. आंब्याच्या मोहराच्या दिवसांत झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीवर तुडतुड्यांनी सोडलेला साखरेसारखा चिकटा पडतो आणि त्यावर धूळ बसून काळी बुरशी येते. दोन्हींवर ओले फडके पाच मिनिटे ठेवून ते मऊ करावे आणि उचलून घ्यावे.

प्रश्न : दसऱ्याला गाडीची पूजा करताना आईंनी पांढऱ्या बॉनेटवर ओल्या हळदीकुंकवाचे स्वस्तिक काढले. दुसऱ्या दिवशी साबणाने पुसायला गेले तर पिवळा डाग लालभडक झाला आणि पसरला. रंग खराब झाला का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : रंग खराब झालेला नाही, काळजी करू नये. हळदीतला कुरकुमिन हा रंग क्षारयुक्त साबण लागला की तांबडा होतो. घरातले कुंकूही पूर्वी हळदीला चुन्याचा संस्कार करून याच गुणावर तयार होत असे. म्हणून हळदीच्या डागावर कपड्यांचा साबण किंवा सोडा लावू नये. साध्या पाण्याने आणि सौम्य कार शाम्पूने वरचा थर काढावा. कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यामुळे उरलेल्या डागावर औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्याला लावून हलकेच टिपावे, चोळू नये, आणि जागा लगेच पाण्याने धुवावी. त्यानंतरही फिकट पिवळी छटा राहिली तर गाडी दोन-तीन दिवस उन्हात उभी करावी. ऊन कुरकुमिनला फिकट करते, हे हळद लागलेली साडी वाळत घालणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. बाजारी कुंकवात अनेकदा कृत्रिम रंग असतो आणि तो इतक्या सहज जात नाही. पुढच्या वर्षी आईंना स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढण्याची विनंती करावी. काचेत रंग मुरत नाही, आणि पूजेतही काही उणे राहत नाही.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि तेही उन्हाळ्यात मोजूनमापून वापरावे लागते. गाडी धुतली की काळ्या बंपरवर, काचांवर व चाकांवर पांढरे ठिपके राहतात. शिवाय धुतल्यानंतर दुसऱ्या दिवशी हँडब्रेक सुटत नाही, आणि सुटला की चाकातून खरखर येते. (एक वाचक, लातूर)

उत्तर : आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टी पाण्याच्याच आहेत. बोअरच्या पाण्यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जाते आणि क्षार जागेवर राहतात. पिण्याच्या पाण्याची कठीणता, म्हणजे या क्षारांचे प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी, असे भारतीय मानक सांगते. मराठवाड्यातल्या कित्येक बोअरचे पाणी याही मर्यादेपलीकडचे असते. ठिपके ताजे असतील तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन फडक्याने लावावे, मिनिटभर थांबावे आणि धुऊन टाकावे. हे थंड पृष्ठभागावर आणि सावलीतच करावे. व्हिनेगर सौम्य असले तरी आम्लच आहे, त्यामुळे चाकांवर ते राहू देऊ नये. महिनोन्‌महिने साचून काचेत बसलेले डाग मात्र व्हिनेगरला दाद देत नाहीत, ते काचेच्या पॉलिशनेच जातात.

डाग पडूच नयेत यासाठी गाडी उन्हात धुऊ नये आणि पाणी अंगावर वाळू न देता लगेच टिपून घ्यावे. शेवटचा हात क्षार नसलेल्या पाण्याचा असावा. घरातल्या एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि एका रात्रीत अर्धी बादली सहज भरते. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणीही उत्तम, फक्त पहिल्या पावसाचे घेऊ नये. पाणी शुद्ध करण्याच्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी अनेक घरांत गाडीसाठी वापरले जाते. ते पहिल्या धुण्याला, विशेषतः चाकांना, जरूर वापरावे, परंतु शेवटच्या हाताला नको, कारण गाळून वेगळे काढलेले क्षार त्यातच असतात.

पाण्याच्या बचतीचा मुद्दा आपण मांडलात, याचे मला विशेष वाटले. साध्या पाइपमधून मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी येते, आणि दहा मिनिटे पाइप सोडला की १०० ते १५० लिटर मातीत जातात. २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळुरूमध्ये टंचाई इतकी वाढली होती की पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास तिथल्या जलमंडळाने ५,००० रुपये दंड लावला होता. लातूरकरांना टंचाई म्हणजे काय ते कोणी सांगण्याची गरज नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी आपण पाहिले आहे. दोन बादल्या शाम्पूच्या धुण्याला, एक मग्याने वरून सोडण्याला आणि अर्धी चाकांना, अशा ५० ते ६० लिटरमध्ये गाडी उत्तम निघते.

आता हँडब्रेकविषयी. आपल्या गाडीला मागे ड्रम असतील आणि धुतल्यावर ती न चालवता हँडब्रेक ओढून उभी केली असेल, तर ओल्या ड्रमला आतले लायनर (ब्रेकच्या घर्षणपट्ट्या) रात्रीत गंजाने धरून बसतात. सकाळची खरखर म्हणजे डिस्कवर आणि ड्रममध्ये आलेला गंजाचा पातळ पापुद्रा असतो आणि चार-सहा ब्रेक मारल्यावर तो झिजून जातो. यापुढे गाडी धुऊन झाली की किलोमीटरभर फेरी मारावी आणि हळू वेगात ब्रेक पाच-सहा वेळा दाबून आतले पाणी उडवावे. त्यानंतर सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी करावी, मागच्या चाकाला वीट लावावी आणि त्या रात्रीपुरता हँडब्रेक सोडून ठेवावा. फेरी मारूनही खरखर राहिली, किंवा एकच चाक हाताला इतरांपेक्षा जास्त गरम लागले, तर लायनर उघडून पाहण्यास सांगावे. सकाळी निघताना वीट काढण्याचे मात्र लक्षात ठेवावे.